बारीक भोकांचा कोळसा

आमच्या कारखान्यात काय बनतं असं कोणी विचारलं की दादा शांतपणे सांगायचा, "भोकं." विचारणाऱ्याला वाटायचं, हा थट्टा करतोय. थट्टा होतीच, पण खोटं त्यात काही नव्हतं. आम्ही कोळसा बनवतो. जाळायचा नव्हे, गाळायचा. तो पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो, विषारी वायूसाठी तोंडावर लावायच्या मास्कमध्ये असतो, साखर पांढरी करायला लागतो. त्याच्या चमचाभर दाण्यांत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर एखादं मैदान भरावं. पाण्यातली घाण आणि हवेतला वास त्या छिद्रांत जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. गिऱ्हाईक कोळसा नेतं खरं, पण त्याला हवी असते ती आतली रिकामी जागा.

दादा माझा थोरला भाऊ, भट्टीवरचा मुख्य माणूस. मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये. तो भोकं पाडतो आणि मी ती मोजते. मी लग्न केलं नाही, दादाच्या घराच्या वरच्या खोलीत राहते आणि जेवायला खाली उतरते. आमच्या आईचा फटकळपणा दोघांत वाटून यायला हवा होता, तो सगळा एकट्या वन्संनी घेतला, असं वहिनी म्हणायच्या. एरवी त्या मला नावानं हाक मारत. 'वन्सं' म्हणाल्या की समजायचं, आज आपली फिरकी घेतली जाणार.

आमची भट्टी म्हणजे आतून विटा लावलेलं एक लांबलचक पोलादी पिंप. थोडं उतरतं, आणि अखंड हळूहळू फिरणारं. आधीच भाजून काळे केलेले करवंटीचे तुकडे वरच्या तोंडातून आत पडतात आणि लोळत लोळत खाली येतात. आत हवा शिरू द्यायची नाही. हवा गेली की कोळसा बाहेरच्या बाहेर जळतो आणि हातात राख येते. हवेऐवजी सोडायची वाफ. वाफ तापल्या कोळशाच्या आत शिरते आणि त्याला कुरतडते. कुरतडलेला भाग वायू होऊन धुराड्यातून निघून जातो, आणि तो जिथून गेला तिथं छिद्र उरतं. वरून जेवढा माल टाकावा त्याच्या निम्मासुद्धा कधी कधी खाली येत नाही. नवीन माणसाला हे बघून धस्स होतं. दादा त्याला म्हणायचा, "घाबरू नकोस, गेलाय तोच आपला माल."

खरी मेख आहे ती थांबण्यात. थोडाच वेळ ठेवला तर छिद्रं अगदी बारीक होतात. जास्त ठेवला तर तीच रुंद होतात. आणखी ठेवला तर दोन छिद्रांमधली भिंत जाते आणि दोन खोल्यांची एक होते. तरीही हाव सुटली, तर भिंती राहतच नाहीत. दाणा चिमटीत धरावा तर पीठ. साखरवाल्याला रुंद छिद्रं लागतात, कारण रंगाचे कण मोठे असतात. मास्कवाल्याला बारीक लागतात. कुठं थांबायचं ते दादाला बरोबर कळायचं. भट्टीवर मीटर आहेत आणि दादाही मीटर बघूनच काम करायचा. जुन्या माणसाच्या हाताला देवपण द्यायला मी बसलेली नाही. पण मीटर सगळेच बघतात आणि सगळ्यांचा माल सारखा येत नाही, एवढं मला लॅबमध्ये बसून रोज दिसायचं. आणि माल बिघडला की दादा स्वतः येऊन सांगायचा, हा वाईट आहे, पास करू नकोस. त्याबाबतीत त्यानं कधी स्वतःलाही सोडलं नाही.

दादा-वहिनींची एकुलती एक मुलगी. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसली आहे असं दृश्य फार क्वचित दिसायचं. चौथीत होती. ताप आला, ताप डोक्यात गेला, आणि आठवड्याच्या आत ती गेली. यापलीकडे मला त्याबद्दल लिहायचं नाही. जमणारही नाही.

तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी धुण्याच्या टोपलीत तिचे कपडे पडले होते. एक हिरवा स्वेटर, दोन फ्रॉक, शाळेचे मोजे, उशीचा अभ्रा. सगळं संपून घरी आल्यावर वहिनींनी ती टोपली पाहिली आणि त्यांनी ते कपडे धुतले नाहीत. पत्र्याची एक पेटी रिकामी केली, कपडे घडी करून तीत ठेवले आणि कडी घातली. दर रविवारी दुपारी मागच्या खोलीचं दार लोटून त्या पेटी उघडायच्या, स्वेटर नाकाशी धरायच्या आणि लगेच परत ठेवायच्या. फार वेळ उघडी ठेवली तर वास उडून जाईल ही धास्ती. तिचा वास त्या पुरवून पुरवून वापरत होत्या. एकदा त्यांनी मलाही आत बोलावलं होतं. मी स्वेटर नाकाशी धरला आणि मला ती पाठीमागून गळ्यात पडल्यासारखं झालं. मी पुन्हा गेले नाही. त्या वासातला माझा वाटा गेला तर मला चाललं असतं, वहिनींचा कमी व्हायला नको होता.

दादा मात्र त्या खोलीकडे फिरकत नसे. रविवारी दुपारी तो अंगणात सायकल उलटी करून बसायचा. त्या सायकलला दर रविवारी दुरुस्ती लागावी असं तिच्यात काहीही नव्हतं. मुलीचं नाव त्याच्या तोंडून त्या दिवसापासून निघालं नव्हतं. वहिनी आधी बोलायचा प्रयत्न करायच्या, "आज तिच्या बाई भेटल्या होत्या," वगैरे. दादा ताटाकडे बघत राही. हळूहळू त्यांनीही सोडून दिलं. एका छपराखाली दोघं जण दोन वेगवेगळ्या घरांत राहिल्यासारखे राहत होते, आणि वरच्या खोलीत मी. भट्टीवर मात्र तो पूर्वीसारखाच, उलट जास्तच वेळ. बॉयलरवाला मला म्हणालाही, की ताई, याला घरी पाठवत जा, नाहीतर एक दिवस हाच भट्टीत लोळत खाली येईल. त्याच्या बोलण्याची पद्धत तशी आहे. माणूस मनाचा चांगला आहे.

अशात मागच्या खोलीच्या भिंतीतला नळाचा पाइप कुठंतरी आतल्या आत झिरपायला लागला. आधी भिंतीवर बशीएवढा डाग आला, मग तो परातीएवढा झाला. नळवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. पेटी त्याच भिंतीला टेकून होती. लक्षात आल्यावर वहिनींनी ती पुढच्या खोलीत ओढत आणली, पण तोवर ओल कपड्यांत उतरली होती. एका जेवणाच्या वेळी त्या ताटाकडे बघत बोलल्या.

"पेटीत भिंतीचा वास यायला लागलाय. तिचा मागे पडतोय."

दादानं हातातला घास परत ताटात ठेवला. मी म्हणाले, थोडं ऊन दाखवावं का. आणि म्हणतानाच मला कळलं की मी काय मूर्खासारखं बोलतेय. उन्हानं कुबट वास गेला असता आणि त्याच्याबरोबर दुसराही. धुतलं तरी तेच, आणि तसंच ठेवलं तर बुरशी सगळं खाऊन टाकणार. वहिनींची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आमटी वाढली.

त्यानंतर दादा कारखान्यातल्या छोट्या भट्टीवर दिसायला लागला. गिऱ्हाइकांना नमुने करून द्यायला आमच्याकडे एक लहान भट्टी आहे, हातगाडीएवढी. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले असताना हा तिच्याजवळ उभा. वाफ अगदी थोडी सोडायचा, धग नेहमीपेक्षा कमी ठेवायचा, आणि माल लवकर काढून घ्यायचा. पहिले दोन-तीन नमुने त्यानं स्वतःच फेकून दिले. मग एक दिवस कागदाच्या पुडीत मूठभर दाणे घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, बघ जरा.

आमच्याकडे मुख्य तपासण्या दोन. एक आयोडीनची. आयोडीन लहान, ते अगदी बारीक छिद्रांतही शिरतं. कोळशानं किती आयोडीन गिळलं त्यावरून बारीक छिद्रं किती ते कळतं. दुसरी निळ्या रंगाची. त्या रंगाचे कण आयोडीनपेक्षा मोठे, त्यांना रुंद छिद्र लागतं. चांगल्या रुंद छिद्रांचा कोळसा निळ्या पाण्यात टाकून हलवला की पाणी नितळ होतं. दादाच्या मालानं आयोडीन छान घेतलं. निळं पाणी मात्र जवळजवळ निळंच राहिलं. इतका नेमका बारीक छिद्रांचा माल मी आमच्या कारखान्यात पाहिला नव्हता, आणि तसं मी त्याला सांगितलं. मास्कवाल्यांचं काम आलंय का, असंही विचारलं. तो म्हणाला, नाही, घरी लागतोय. मला वाटलं फ्रिजमध्ये ठेवायला. आमच्या लोकांच्या घरी फ्रिजमध्ये, बुटांत, कपाटात, सगळीकडे कोळशाच्या पुरचुंड्या असतातच. हलवायाच्या घरी मिठाई असावी, तशी आमच्याकडे भोकं.

दादानं निळ्या पाण्याची बाटली उचलून खिडकीशी धरली.

"म्हणजे मोठं काही आत जात नाही?"

"नाही जात. निळा तसाच आहे, बघ की."

"नक्की?"

मी म्हटलं, लिहून देऊ का आता. तो हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं, आणि मला इतकं बरं वाटलं की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. त्याच आठवड्यात तो जेवणाच्या सुट्टीत मलमलीच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवत बसलेला दिसला. जाड बोटांत सुई ठरत नव्हती. बॉयलरवाला म्हणाला, काय दादा, शिलाईचं दुकान टाकताय का, तर दादानं त्याच्याकडूनच दोरा मागितला.

पुढचे दोन-तीन रविवार वहिनींनी पेटी उघडली नाही. पाइप एकदाचा दुरुस्त झाला होता, पण उघडली की भिंतीचाच वास नाकात भरेल आणि तिचा पुसून जाईल, या धास्तीनं त्या पेटीला हात लावत नव्हत्या. मग एका रविवारी त्यांना राहवलं नाही. मी वर कपडे वाळत घालत होते, तेव्हा खालून त्यांनी मला हाक मारली. आवाज मोठा नव्हता. मी खाली गेले तर त्या पुढच्या खोलीत पेटीसमोर बसल्या होत्या आणि स्वेटर मांडीवर होता.

"हे कोणी धुतलं का गं?"

मी स्वेटर हातात घेतला, नाकाशी धरला. भिंतीचा वास नव्हता. कुठलाच वास नव्हता. दुकानातून आणलेल्या नव्या कपड्यालाही काहीतरी वास असतो, याला तोही नव्हता. धुतलेला नव्हता हे उघड होतं, कोपरावरचा शाईचा डाग जागेवर होता. मी पेटीत हात घातला आणि फ्रॉकच्या घडीत माझ्या बोटांना मलमल लागली. आत दाणे. दुसऱ्या घडीत आणखी एक पिशवी. मोज्यांमध्ये, अभ्र्यात, सगळीकडे. वेड्यावाकड्या टाक्यांच्या लहान लहान पिशव्या.

वहिनी इतकी वर्षं कोळशावाल्याची बायको होत्या, त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी एक पिशवी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. दादा अंगणातून हात पुसत आला. आमच्याकडे बघून तो दारातच थांबला. आधी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला विसरता येत नाही; तो शाबासकीची वाट बघत होता.

मी त्याला खोदून खोदून विचारत गेले आणि कोळसा उगाळावा तितका काळाच, तसं झालं. त्यानं विचार केला होता तो असा. ओलीचा वास म्हणजे पाणी आणि बुरशी, हलकी चिल्लर वस्तू, ती बारीक छिद्रांत जाईल. मुलीचा वास मोठा, तो निळ्या रंगासारखा बाहेर राहील. म्हणून त्यानं वाफ कमी ठेवली, छिद्रं रुंद व्हायच्या आत माल काढला, मोठं काही आत जात नाही याची माझ्याकडून खात्री करून घेतली. एवढं सगळं त्यानं नीट, जपून, नेहमीच्या सफाईनं केलं होतं.

मी त्याच्यावर ओरडले. वास म्हणजे काय शाई आहे का, म्हणाले. कुठलाही वास निळ्या रंगापुढे कणाएवढासुद्धा नसतो, भिंतीचा काय आणि माणसाचा काय, सगळे आत जातात. आणि छिद्र जितकं बारीक तितकं ते घट्ट धरतं, कारण दोन्हीकडच्या भिंती जवळ असतात. रुंद छिद्रांचा माल ठेवला असतास तर निदान थोडं सैल धरलं असतं, म्हणाले. हे सगळं मी बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. दादा मान खाली घालून उभा होता. त्याच्या मनात तिचं सगळंच मोठं होतं, त्याला तो तरी काय करणार? रसायनशास्त्र मी शिकले होते. त्यानं मुलगी वाढवली होती.

वहिनींनी एकेक पिशवी शोधून काढली आणि मांडीवर गोळा केली. मग मला विचारलं, की म्हणजे सगळा वास यात आहे? मी म्हटलं, हो. कुठं उडून गेला नाही ना? मी म्हटलं, नाही, यातच आहे. परत बाहेर येतो का? मी खरं ते सांगितलं. तापवला तर येतो. पण खूप तापवावा लागेल, आणि येईल तो जसाच्या तसा येईल असं नाही, तापानं मोडून येईल, भिंतीच्या वासात मिसळून येईल. आणि एकदाच येईल. त्या थोडा वेळ पिशव्या चाचपत बसल्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार, राहू दे आत, निदान आहे तरी. मी असते तर तेच म्हटलं असतं. त्या दादाकडे वळल्या.

"तुम्ही एकदाही तिचा वास घेतला नाहीत. या पिशव्यासुद्धा तोंड फिरवून ठेवल्या असतील."

दादानं मान हलवली. हो म्हणून.

"मी इतके दिवस घेतला. हा तुमचा."

दादा नको नको म्हणत होता. वहिनींनी ऐकलं नाही. काचेच्या एका बरणीत सगळ्या पिशव्या घालून झाकण घट्ट लावलं, चपला घातल्या आणि त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. कारखाना चालत जायच्या अंतरावर आहे. आम्ही तिघं भर दुपारी एकामागून एक चालत गेलो.

रविवारी भट्टी चालू असते, लॅब बंद. माझ्याकडे किल्ली होती. वहिनी आत आल्या नाहीत. मी आत आले तर माझ्याही नाकात जाईल, म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाकावर नोटीसबोर्डाखाली बसल्या. मी पिशव्या उसवल्या, दाणे काचेच्या चंबूत ओतले आणि तो हीटरवर ठेवला. चंबूचं तोंड दादाच्या बाजूला केलं. मी स्वतः मागे भिंतीशी जाऊन उभी राहिले, पण खोली ती केवढी.

आधी चंबूच्या गळ्याशी पाण्याचे थेंब धरले. मग ओल्या भिंतीचा वास आला, इतका दाट की मागच्या खोलीतला तो डाग डोळ्यांपुढे आला. दादा चंबूवर वाकून होता, डोळे मिटून. मी आच वाढवली. गंजक्या पत्र्याचा वास आला, पेटीच्या रंगाचा आला. आणखी वाढवली. काहीतरी करपट, गोडसर आलं. ते कशाचं होतं हे देवालाच ठाऊक. मी श्वास धरून दादाच्या पाठीकडे बघत होते. मनात म्हणत होते, येऊ दे, एकदा, थोडासा. मग तेही संपलं आणि गरम काचेचा कोरडा वास तेवढा राहिला. मी पुन्हा हीटरच्या बटणाला हात घातला.

"बस," दादा म्हणाला. "आणखी तापवलास तर तो जळेल."

कुठं थांबायचं ते त्याला कळायचं. त्यानं स्वतःच हीटर बंद केला, चंबू निवेपर्यंत दोन्ही हात टेबलावर टेकून उभा राहिला आणि मग बाहेर गेला. मी त्याच्या मागून गेले. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"आला?"

त्या क्षणी मला वाटलं, खोटं बोल दादा. एवढं एकदा खोटं बोल, तिला काय कळणार आहे? पण वाईट माल पास करणं त्याला कधी जमलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "भिंतीचा आला. पत्र्याचा आला. तिचा नाही आला."

आणि तो बाकावर बसला आणि रडायला लागला. भिंगरी गेली तेव्हा तो रडला नव्हता. इतके महिने आतल्या आत काय काय झालं होतं ते आता बाहेर येत होतं, आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा प्रयत्न करत होता. भट्टीवरच्या माणसाचे एवढे मोठे हात, तरी त्यांत ते मावत नव्हतं. भट्टीकडून बॉयलरवाला येत होता, तो आम्हाला बघून तसाच मागे फिरला. वहिनी दादाशेजारी बसल्या. त्यांनी त्याला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. तो जरा थांबल्यावर त्या म्हणाल्या, मला आठवतोय ना, मी सांगते तुम्हाला. स्वेटरच्या गळ्याशी सगळ्यात जास्त यायचा. साबण होताच, पण साबणाखाली आणखी एक होता, जरा दुधासारखा, जरा आंबूस. आणि तिथं, म्हणजे कानामागे जसा, तसा, असं म्हणत त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी तो एकदाच घेतला होता. मागच्या वेळी पेटी बंद करेपर्यंत तो त्यांच्याकडे होता, आणि आता त्यांनाच त्याचं नाव सापडत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी दवाखान्यातही पाहिली नव्हती.

"बटण चावायची ना ती," दादा एकदम म्हणाला. "आंबूस तो त्याचा. थुंकीचा."

वहिनी त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बटण नाही. बाही चावायची."

"अगं बटण. वरचं. शाळेच्या फाटकाशी उभी राहून चावत असायची. मी आणायला जायचो ना भिंगरीला, मला माहितेय."

"बाही. मी रफू केलीय ती, दोनदा."

दादा म्हणाला, बटणच. वहिनी म्हणाल्या, बाही. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्या घरात तिच्यावरून भांडण होऊन किती महिने झाले होते! जिवंत होती तेव्हा रोज व्हायचं, तिला कोणी लाडावलं यावरून, तिच्या दप्तरात खेळणी कोणी भरली यावरून. माझे डोळे भरून आले आणि मी लॅबला कुलूप लावायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

मग दादाच म्हणाला, चल, घरी जाऊन बघू.

घरी आल्यावर त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. पेटी तशीच उघडी पडली होती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं पहिल्यांदा तोंड न फिरवता स्वेटर हातात घेतला. नकळत नाकाशी नेला, मग आठवून खाली आणला आणि मांडीवर पसरला. वरच्या बटणावर दातांच्या खुणा होत्या. बारीक, अर्धगोल, एकाशेजारी एक. बाहीचं टोकही चावून चावून विसविशीत झालेलं होतं आणि त्यावर वहिनींचं रफू होतं. दोघंही बरोबर होते. वहिनींनी बोट पुढे करून बटणावरून फिरवलं. मग दादानं फिरवलं. बराच वेळ ते दोघं आळीपाळीनं तेच करत बसले होते आणि मी उभीच होते.

शेवटी दादा स्वेटरची घडी घालायला लागला. त्याआधी त्यानं खालून एकेक बटण लावत आणलं, जाड बोटांनी, सावकाश, समोर मूल उभं असल्यासारखं. गळ्याशी आला.

"वरचं नका लावू," वहिनी म्हणाल्या. "तिला टोचतं ते."

दादानं वरचं बटण सोडून दिलं.